जन्मतारीख १ जून

या लेखातले काका आणि पुतणी मी रचलेले आहेत. त्यांचं भांडण मात्र रचलेलं नाही. ते कुठल्याही जिल्हा न्यायालयाच्या बाररूममध्ये आणि बालविवाह रोखणाऱ्या कार्यकर्त्यांच्या कुठल्याही बैठकीत ऐकायला मिळतं. काका फौजदारी वकील, बहुतेक वेळा आरोपीच्या बाजूने उभे राहणारे. पुतणी मराठवाड्यात ऊसतोड मजुरांच्या मुलींमध्ये काम करते. वाद आहे लैंगिक संबंधांना संमती देण्याच्या कायदेशीर वयाचा. १४ नोव्हेंबर २०१२ रोजी बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा लागू झाला तेव्हापासून ते अठरा आहे. त्याआधी सोळा होतं. अशा वादात वयस्कर माणूस कडक कायद्याच्या बाजूने बोलणार आणि तरुण माणूस मोकळिकीच्या, असं आपण धरून चालतो. इथे उलटं आहे. दोघांपुढे येणारी माणसंच वेगळी आहेत.

काका : तुला एक फाइल सांगतो. अशा फायली माझ्या कपाटात रग्गड आहेत, त्यामुळे कुणा एकाचं गुपित फोडतोय असं समजू नकोस. मुलगी सतरा वर्षं चार महिने, मुलगा वीस. एकाच एसटीने तालुक्याला कॉलेजला जाणारे. घरी कळलं, मुलीसाठी स्थळं बघायला सुरुवात झाली, दोघं पळाले. बापाने ठाण्यात जाऊन मिसिंग दिली. मुलगी अल्पवयीन, म्हणून मिसिंगचा लगेच अपहरणाचा गुन्हा झाला. पूर्वी तीनशे त्रेसष्ट, आता न्याय संहितेतलं एकशे सदतीस. तीन आठवड्यांनी चाकणला एका खोलीत सापडले. मुलगा तिथे कंपनीत लागला होता. मेडिकल झालं, आणि पोरीने डॉक्टरांना सांगितलं की आम्ही नवरा-बायकोसारखे राहतो. तिला वाटलं, खरं सांगितलं की सुटू. ते वाक्य कागदावर आलं आणि पोक्सो लागला.

पुतणी : आणि ती घरी जायला नाही म्हणाली.

काका : नाहीच म्हणाली. मग बाल कल्याण समितीपुढे, तिथून बालगृहात. तो तुरुंगात. अठरा पूर्ण झाल्यावर ती बाहेर पडली ती थेट त्याच्या आईकडे राहायला गेली. त्याला जामीन मिळाला, लग्न केलं. खटला बोर्डावर आला तेव्हा कडेवर पोर घेऊन साक्षीला उभी राहिली आणि म्हणाली, माझी काही तक्रार नाही. सरकारी वकिलांनी काय केलं असेल?

पुतणी : फितूर जाहीर केलं.

काका : फितूर! सगळा खटला हिच्यासाठी म्हणून चाललेला, आणि हीच फितूर. कोर्टात आम्हांला या शब्दाची इतकी सवय आहे की त्यात काही वावगं आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

पुतणी : वाईटच झालं, काका. पण तुमच्याकडे निदान फाइल असते. माझ्या मुलींची फाइलच होत नाही. दसरा झाला की आमच्याकडची गावं रिकामी होतात. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा मुलगा म्हणजे अर्धा कोयता. म्हणून हंगामाच्या आधी लग्नं उरकतात. पंधरा-सोळाची मुलगी, चोवीस-पंचविसाचा मुलगा. आईबाप पाच-सहा महिने फडावर असताना वयात आलेल्या पोरीला गावात कुणाच्या भरवशावर ठेवायचं, ही भीतीही असते, आणि ती खोटी नसते. महाराष्ट्रात वीस ते चोवीस वर्षांच्या शंभर बायकांमध्ये जवळजवळ बावीस जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आहे. २०१९ ते २१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातला आकडा आहे हा, माझा नाही. या मुलींना विचारलं तर त्या 'हो' म्हणतात. दुसरं काय म्हणतील? त्या 'हो'ला कायद्याने किंमत द्यायची नाही, एवढ्यासाठी मला अठरा हवं आहे.

काका : त्यांच्या 'हो'ला देऊ नकोस. पण मग माझ्या फाइलमधल्या मुलीचा 'हो'ही तू त्याच ओळीत खोडतेस. ती घर सोडून गेली, पोलिसांपुढे बोलली, बालगृहात दिवस काढले आणि तरी शब्द फिरवला नाही.

पुतणी : दोघीही सतराच्या, दोघीही 'हो' म्हणतात. कायद्याने दोघींना वेगळं कसं ओळखायचं?

काका : २०१२पर्यंत ओळखत होताच की. कित्येक दशकं सोळा होतं. देश चालला.

पुतणी : तेव्हाचं पूर्ण सांगा ना. बाहेरच्या पुरुषासाठी सोळा, नवऱ्यासाठी पंधरा. आणि १८६०च्या दंडसंहितेत तर दहा होतं. दहा! कलकत्त्यात फुलमणी दासी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या बळजोरीने मेली. दहा पूर्ण झालेली होती, म्हणून बलात्कार धरता आला नाही. नवऱ्याला वर्षभराची शिक्षा झाली. त्यानंतर १८९१च्या मार्चमध्ये दहाचं बारा झालं, आणि त्या दोन वर्षांसाठी पुण्यात केवढा गदारोळ!

काका : टिळकांवर येणार तू आता.

पुतणी : येणारच. भांडारकरांनी धर्मशास्त्रातले आधार काढून विधेयकाला पाठिंबा दिला, आगरकर बाजूने होते. टिळक म्हणाले, परक्या सरकारने आमच्या घरात कायदा करू नये.

काका : अर्धंच सांगतेस. लोकांनी आपणहून बांधून घ्यावं, मुलीचं लग्न सोळाच्या आत करू नये, असंही त्यांनी सुचवलं होतं. सरकारच्या बारापेक्षा सोळा जास्तच की.

पुतणी : समाज आपणहून बांधून घेणार होता तर १९२९ला शारदा कायदा कशाला करावा लागला? त्यातही मुलीसाठी चौदाच. काका, दर वेळी हेच झालंय. दहाचं बारा, बाराचं चौदा, चौदाचं सोळा, सोळाचं अठरा. दर वेळी कुणीतरी म्हणालं की यात निरपराध माणूस भरडला जाईल. दर वेळी मुलींचं भलं झालं.

इथे मला मध्ये बोलावंसं वाटतं. १८९१च्या वादाआधी मुंबईत रखमाबाईंचा खटला गाजून गेला होता. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नवऱ्याकडे नांदायला जायचं नाकारलं. नवऱ्याने १८८४ला दावा लावला. आधी निकाल त्यांच्या बाजूने गेला, तो अपिलात फिरला, आणि १८८७ला न्यायालयाने सांगितलं की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. तुरुंगात जाईन म्हणाल्या. पुढे तडजोड झाली, त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. हा खटला आपण एका जिद्दी बाईची कहाणी म्हणून सांगतो. मला त्यातलं न्यायालय जास्त विचित्र वाटतं. तिचा नकार तिथे प्रत्येकाला स्वच्छ ऐकू आला होता. तो लिहून घेतला गेला, त्यावर युक्तिवाद झाले, वर्तमानपत्रांत रकाने भरले. फक्त त्या नकाराला कायद्यात बसायला जागा नव्हती. काकांच्या फाइलमधल्या मुलीचा होकारही असाच सगळ्यांना ऐकू आलेला आहे.

काका : तू म्हणतेस दर वेळी मुलींचं भलं झालं. १८९१चा कायदा मुलीला नवऱ्यापासून वाचवण्यासाठी होता. आजचा कायदा कोण वापरतं? बाप. बंगळुरूच्या एन्फोल्ड संस्थेने २०१६ ते २०२० या काळातले आसाम, बंगाल आणि आपल्या महाराष्ट्रातले सात हजारांवर पोक्सोचे निकाल वाचून काढले. चारातला जवळजवळ एक खटला प्रेमप्रकरणाचा निघाला. तक्रारदार बहुतेक ठिकाणी मुलीचे घरचे. आणि शेवटी बहुतेकांत निर्दोष सुटका.

पुतणी : मग सुटतात ना.

काका : सुटतात? अगं, जामिनासाठी बापाचं अर्धा एकर गहाण पडलेलं असतं. पोलीस भरतीत चारित्र्य पडताळणीला नाव येतं. मुलगाही सतराचाच असला तर तो विधिसंघर्षग्रस्त बालक, आणि गुन्हा गंभीर म्हणून त्याला मोठ्यांसारखा खटला लावायचा का, यावर बाल न्याय मंडळ प्राथमिक पडताळणी करत बसतं. तीही सतराची, तोही सतराचा. ती पीडित, तो आरोपी. निर्दोष हा शेवटच्या पानावरचा शब्द आहे. आधीची पानं कोण परत करणार?

पुतणी : आता माझं ऐका. २०१७च्या ऑक्टोबरपर्यंत काय होतं? पोक्सो म्हणत होता अठरा, दंडसंहिता म्हणत होती बायको पंधराच्या वर असली की नवऱ्याला बलात्काराचं कलम नाही. म्हणजे सोळा वर्षांच्या मुलीवर प्रेम करणारा गुन्हेगार, आणि तिच्या बापाला हुंडा मागून तिच्याशी लग्न करणारा मोकळा. सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा पहिल्यांदा नवऱ्यालाही अठराच्या रेषेत आणलं. आता तुम्ही सोळा करा म्हणता. पहिला फायदा कुणाला होईल? तुमच्या एसटीतल्या पोराला नाही. सोळा वर्षांच्या पोरीशी लग्न लावून घेणाऱ्याला.

काका : बालविवाह कायदा आहे ना त्याच्यासाठी. मुलगी अठरा, मुलगा एकवीस.

पुतणी : दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड. त्याला कोण घाबरतं? ग्रामसेवक हा गावातला बालविवाह प्रतिबंध अधिकारी, त्याला त्याच गावात नोकरी करायची असते. मी जेव्हा मांडवाच्या आदल्या दिवशी कुणाच्या दारात जाते, तेव्हा बालविवाह कायद्याचं नाव काढलं तर बाप चहा विचारतो. पोक्सोचं नाव काढलं, नवरदेव वीस वर्षं आत जाईल असं सांगितलं, की मुलाकडचे लोक स्वतः मांडव उतरवतात. ते अस्त्र माझ्या हातातून काढून घेताय तुम्ही.

काका : आणि मांडव उतरलाच नाही तर?

इथे पुतणी लगेच उत्तर देत नाही. तिलाही ठाऊक आहे पुढे काय होतं. अठराच्या आतल्या मुलीला दिवस गेले की कायद्याच्या लेखी तो तीव्र स्वरूपाचा गुन्हा, पोक्सोचं कलम सहा, २०१९च्या दुरुस्तीनंतर किमान शिक्षा वीस वर्षं. नवरा असला तरी. आणि ही गोष्ट ज्याला कळली त्या प्रत्येकाने, डॉक्टरनेसुद्धा, पोलिसांना कळवलंच पाहिजे. न कळवणं हाही गुन्हा.

पुतणी : मग ती दवाखान्यात येत नाही. किंवा येते आणि एकोणीस सांगते. अंगणवाडीतल्या ताईला खरं वय माहीत असतं, ती स्वतःच एकोणीस लिहिते. तिने सतरा लिहिलं तर पोरीचा नवरा आत, घरात खाणारी तोंडं तेवढीच, आणि गावात ताईला कुणी पाणी देणार नाही. गर्भपातापुरता २०२२च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मार्ग काढला. मुलीने किंवा पालकांनी विनंती केली तर डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिचं नाव-गाव सांगायची गरज नाही. बाळंतपणाला येणाऱ्या मुलीला त्याचा काय उपयोग? आसामात फेब्रुवारी २०२३मध्ये बालविवाहावरून हजारोंची धरपकड झाली, तेव्हा गरोदर मुली दवाखाने टाळायला लागल्याच्या बातम्या आल्या होत्या. मला आश्चर्य वाटलं नाही.

काका : म्हणजे अस्त्र दाखवायला चांगलं, चालवायला नाही.

पुतणी : चालवायला नाहीच. पण दाखवायला तरी असू दे.

काका : मुख्य दुखणं सोळा-अठराचं नाहीच बघ. दुखणं किमान शिक्षेचं आहे. २०१९च्या आधी पोक्सोच्या कलम चारला किमान सात वर्षं होती, ती दहा केली. मुलगी सोळाच्या आत असेल तर वीस. न्यायाधीशापुढे दोनच दारं: दहा वर्षं, नाहीतर निर्दोष. समोर कडेवर पोर घेतलेली मुलगी उभी आहे. माणूस काय करेल? आणि त्याच्या हाताशी काय असतं? शाळेचं रजिस्टर.

पुतणी : १ जून.

काका : १ जून! माझी स्वतःची जन्मतारीख १ जून आहे. माझ्या वयाच्या निम्म्या महाराष्ट्राची आहे. आईने सांगितलं, पोर पोळ्याच्या आसपासचं. गुरुजींनी शाळा जूनला सुरू होते म्हणून १ जून टाकून दिली. दर १ जूनला आमच्या बॅचच्या ग्रुपवर वाढदिवसांचा पूर येतो. आता तसं कमी झालंय, जन्माची नोंद दवाखान्यातच होते. पण तुझ्याच मजुरांच्या पोरी बघ. फडावर जन्मलेली पोर, कुठल्या जिल्ह्यात तेही आईला धड आठवत नाही. तिची नोंद? शाळेत घालताना मास्तर विचारतात, बाप सहा वर्षांची म्हणतो, आणि रजिस्टरला चढते १ जून.

पुतणी : आणि कायद्याने तोच पहिला पुरावा.

काका : बाल न्याय कायद्याचं कलम चौऱ्याण्णव. आधी शाळेचा किंवा बोर्डाचा दाखला, तो नसेल तर नगरपालिका-ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, तोही नसेल तरच हाडांची तपासणी. हाडांच्या तपासणीत दोन वर्षं अलीकडे-पलीकडे धरायची, ही कोर्टांची जुनी रीत. म्हणून आम्ही बचावाचे वकील काय करतो? मुख्याध्यापकांना पिंजऱ्यात बोलावतो. नोंद कुणी केली? तुमच्या आधीच्या गुरुजींनी. कशाच्या आधारे? माहीत नाही. पालकाची सही आहे? नाही. झालं. वय संशयातीतपणे सिद्ध झालं नाही, आरोपी निर्दोष. माझ्या कारकिर्दीतल्या अर्ध्या सुटका मी प्रेमाच्या नावावर मिळवलेल्या नाहीत, गुरुजींच्या नावावर मिळवल्या आहेत. समोर बसलेल्या न्यायाधीशालाही ठाऊक असतं की पोरगी सतराचीच होती. त्याला तसं लिहिता येत नाही, कारण लिहिलं तर दहा वर्षं.

पुतणी : म्हणजे अंगणवाडीताई एकोणीस लिहिते आणि न्यायाधीश 'सिद्ध झालं नाही' लिहितात. काका, पण तीच पळवाट माझ्या पंधरा वर्षांच्या मुलीच्या नवऱ्यालाही मिळते. मुकादमालाही मिळते. मुख्याध्यापक तारखेला आले नाहीत की तोही सुटला. तुमच्या त्या निर्दोषांच्या आकड्यात असे किती जण आहेत, कोण सांगणार? आणि प्रेमप्रकरण आहे हे ठरवतं कोण? मला एक सांगा, चाळिशीचा क्लासवाला सर आणि सतराची विद्यार्थिनी असेल, तर उलटतपासणीत तुम्ही तिला पहिला प्रश्न काय विचारता?

काका : तुमचे प्रेमसंबंध होते का.

पुतणी : विचारता ना?

काका : विचारतो. वकीलपत्र घेतल्यावर विचारावं लागतं.

पुतणी : आणि तेव्हा अठराचा कायदा तिच्या बाजूने उभा राहून सांगतो, की होते असतील, फरक पडत नाही. तुम्ही सोळा केलंत की या एका प्रश्नावर खटला संपला.

हा मुद्दा मला काकांच्या सगळ्या फायलींपेक्षा जड वाटतो. आपल्याकडे प्रौढ बाईच्या बलात्काराच्या खटल्यातही संमती होती हे दाखवण्यासाठी बाईचं आयुष्य कसं उसवलं जातं, ते माहीत असलेल्या कुणालाही सोळा-सतराच्या मुलीला त्या तोफेच्या तोंडी देताना विचार करावा लागेल. काकाही इथे जरा मागे सरतात.

काका : बरं, सरसकट सोळा नको. २०१३ला न्यायमूर्ती वर्मा समितीने सोळाच म्हटलं होतं, त्या मार्चमध्ये मंत्रिमंडळानेही मान्य केलं होतं, सर्वपक्षीय बैठकीनंतर पुन्हा अठरा झालं. तो विषय सोडून दे. पण वयातलं अंतर बघ ना. कॅनडात संमतीचं वय सोळा आहे, पण चौदा-पंधराच्या मुलीचा जोडीदार पाच वर्षांपेक्षा कमी मोठा असेल तर गुन्हा नाही. जपानने २०२३ला वय तेरावरून सोळा केलं, वाढवलं, आणि तरी जवळच्या वयाच्या पोरांना वगळलं. २०१९ला मद्रास उच्च न्यायालयानेही असंच काहीसं सुचवलं होतं. तुझा क्लासवाला यात सुटत नाही. माझा एसटीतला पोरगा सुटतो.

पुतणी : आणि सतराची मुलगी, पंचविसाचा मुलगा, एकाच कारखान्यावर काम करणारी?

काका : तिथे न्यायाधीशाने बघावं. मुंबई उच्च न्यायालयात २०२३ला न्यायमूर्ती भारती डांगरे यांनी अशाच एका पंचविशीतल्या आरोपीला सोडताना लिहिलं की लग्नाचं वय आणि संमतीचं वय एकच असलं पाहिजे असं नाही. विधी आयोगानेही त्याच वर्षी तोडगा सुचवला. वय अठराच ठेवा, पण सोळा ते अठरामध्ये मुलीची मूक मान्यता दिसत असेल तर शिक्षा देताना न्यायाधीशाला मोकळीक द्या.

पुतणी : मूक का? ती तर बोलतेय. तुमच्याच फाइलमधली किती बोलली! आणि न्यायाधीशाची मोकळीक म्हणता, तर त्याच उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा २०२१चा निकाल आठवा. त्वचेचा त्वचेशी स्पर्श झाला नाही म्हणून लैंगिक हल्ला नाही, असं म्हटलं होतं त्यात.

काका : दहा महिन्यांत सर्वोच्च न्यायालयाने फिरवला तो.

पुतणी : दिल्लीपर्यंत गेला म्हणून फिरला. माझ्या जिल्ह्यातला कोण जाणार दिल्लीला?

काका : बरं, दिल्लीपर्यंत गेलेलंच एक प्रकरण घे. बंगालमधलं. मुलगी चौदाची, माणूस पंचविसाचा.

हे प्रकरण दोघांनाही सारखंच अडचणीचं आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. चौदा वर्षांची मुलगी घर सोडून त्या माणसाकडे राहायला गेली, तिला मूल झालं. विशेष न्यायालयाने त्याला २०२२ला वीस वर्षं दिली. कोलकाता उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३मध्ये त्याला सोडून दिलं आणि वर किशोरवयीन मुलींनी आपल्या इच्छांवर ताबा ठेवावा असा उपदेशही केला. त्यावर देशभर संताप झाला. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, ऑगस्ट २०२४मध्ये तो निकाल रद्द करून माणसाला पुन्हा दोषी ठरवलं. इथे थांबलं असतं तर पुतणीचा विजय झाला असता. पण शिक्षा ठरवायच्या आधी न्यायालयाने तज्ज्ञांची समिती नेमली आणि आता प्रौढ झालेल्या त्या मुलीला भेटायला पाठवली. कळलं ते असं : घडलेल्या गोष्टीला ती गुन्हा मानत नव्हती. तिच्या घरच्यांनी तिला टाकलं होतं. तिला जे सोसावं लागलं ते मुख्यतः नंतरचं; पोलीस, कोर्टकचेरी, त्याला सोडवण्यासाठीची धडपड, त्यातून झालेलं कर्ज. मे २०२५मध्ये न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्ज्वल भुयान यांनी राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२ने सर्वोच्च न्यायालयाला दिलेल्या विशेष अधिकाराखाली ठरवलं की माणूस दोषी आहे, पण त्याला आणखी शिक्षा नको. तिच्या शिक्षणाची आणि कुटुंबाच्या निवाऱ्याची जबाबदारी राज्य सरकारवर टाकली.

काका : अकरा वर्षांचं अंतर. माझ्या सवलतीत तो बसत नाही.

पुतणी : आणि माझ्या अठरात बसतो, तर तिचं घर मोडतं.

काका : अनुच्छेद १४२ आपल्या सत्र न्यायाधीशांकडे नाही. त्यांना वीसच वर्षं द्यावी लागली असती.

पुतणी : त्या निकालात मला पटली ती एकच गोष्ट. तिला कुणीतरी जाऊन विचारलं. बापाला बाजूला ठेवून, त्याला बाजूला ठेवून, वकिलांना बाजूला ठेवून.

काका : फौजदारी प्रक्रियेतल्या कलम १६४च्या जबाबात मॅजिस्ट्रेट विचारतातच. आता १८३.

पुतणी : पकडून आणल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, बाहेर बाप उभा असताना? आणि तो जबाब पुरावा म्हणून घेतात, काय करायचं हे तिला विचारत नाहीत. पण थांबा, तुमच्या अंतराच्या सवलतीवर माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. तुमच्या एसटीतल्या पोराची जात सांगितली नाहीत तुम्ही.

काका : तू ओळखलीस.

पुतणी : ओळखायला काय लागतं? पोराची जात मुलीच्या बापाला चालण्यातली असती तर बाप ठाण्यात गेलाच नसता; चार माणसं बोलावून अठराच्या आतच लग्न लावलं असतं, आणि मला बातमी लागली असती तर मी दारात गेले असते. बापाने जमवलं तर कुणी तक्रार करत नाही, पोरीने जमवलं तर पोक्सो. वय दोन्हीकडे सतराच.

काका : हेच तर मी मघापासून सांगतोय.

पुतणी : नाही, तुम्ही वय कमी करा म्हणताय. मी म्हणतेय, तक्रार कोण करतंय ते बघा.

काका : मग लिहू या. कागद घे. सोळा पूर्ण, अठरा अपूर्ण. वयात तीन किंवा चार वर्षांचं अंतर...

पुतणी : तीन. आणि तो तिच्यावर कुठल्याही अधिकाराच्या जागी नको. शिक्षक नको, मुकादम नको, नातेवाईक नको.

काका : मान्य. अशा वेळी किमान शिक्षा लागू नाही. अंतर जास्त असेल तर गुन्हा राहील, पण शिक्षा न्यायाधीशाने ठरवावी, शून्यापासून वर कितीही.

पुतणी : त्याआधी मुलीचं म्हणणं, घरच्यांपासून वेगळं राहून निदान काही आठवडे झाल्यावर, प्रशिक्षित बाईने घेतलेलं. आणि ते 'त्याला सोडू नका' असं असेल तर सवलत नाही.

काका : हेही मान्य. डॉक्टरची कळवण्याची सक्तीही सोळाच्या वर सैल कर.

पुतणी : केली. आता माझी एक अट. लग्न झालेलं असेल तर यातलं काहीच लागू नाही.

काका : वेडी आहेस का? पळून गेलेली पोरं पहिलं काय करतात? आळंदीला जाऊन लग्न. तू त्यांनाच बाहेर काढलंस.

पुतणी : नाही काढलं तर माझे सगळे नवरे आत आले. तीन वर्षांच्या अंतराचे बालविवाह काय कमी आहेत?

काका : मग बालविवाह कायद्याचं कलम बारा वाच. पालकांच्या ताब्यातून फूस लावून नेलेल्या मुलीचं लग्न मुळातच बाद. आणि पालकांनी स्वतः लावलेला बालविवाह? तो मुलीने कोर्टात जाऊन रद्द करून घेईपर्यंत कायदेशीर. म्हणजे आळंदीतलं लग्न कायद्याच्या लेखी झालंच नाही, ते आपोआप तुझ्या अटीच्या बाहेर आणि सवलतीच्या आत. बापाने मांडवात लावलेलं मात्र लग्न ठरतं, त्याला सवलत नाही. तुला हवं तेच झालं.

पुतणी : म्हणजे पोरीचं लग्न लग्नच नाही, असं म्हणून तिला वाचवायचं? तिला मूल असेल तर? ती बायको म्हणून त्याच्या घरात राहायला गेली असेल तर?

काका : तर आधी कलम बारा काढ.

पुतणी : सगळं नाही काढता येणार. त्याच कलमात लग्नासाठी विकलेल्या मुलीही आहेत. फक्त 'फूस लावून' एवढं...

काका : फूस लावून आणि स्वतःहून, हे कोण ठरवणार?

पुतणी : तीच. लिहा पुढे.